मोटर बंद, नेट चालू

मी नेमकं काय काम करतो, हे माझ्या सासऱ्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. मुलगी बघायला गेलो तेव्हा मी सांगितलं होतं, "नेटवर्किंगचं काम करतो." त्यांनी मान डोलावली आणि शेजारच्या पाहुण्याला सांगितलं, "पोरगं टीव्हीच्या केबलवर हाय." पुढे कायम मी त्यांच्यासाठी केबलवालाच राहिलो. टीव्हीवर मुंग्या आल्या की मला फोन. मीही निमूट जाऊन दुरुस्त करून यायचो. सासऱ्यांशी वाद घालून आजवर कुणाचं भलं झालंय?

तर जे त्यांना समजावता आलं नाही ते तुम्हाला सांगून बघतो. घरात नेट येतं ते एका बारीक काचेच्या तारेतून, आणि ते एका डब्यात उतरतं. तो डबा म्हणजे राउटर. तिथून पुढे बहुतेक लोक ते हवेवर सोडून देतात. मोबाइलवर दांड्या दिसल्या की खूश. पण हवेवरचं नेट भिंतींना भितं. मध्ये एखादा स्लॅब, एखादी दगडी भिंत, एखादं लोखंडी दार आलं की पलीकडच्या खोलीत पोचेपर्यंत त्याचा निम्मा जीव गेलेला असतो. मग माझ्यासारख्याला बोलावणं येतं. मी डब्यापासून त्या खोलीपर्यंत वायर टाकतो. तिला लॅनची वायर म्हणतात. तिच्या पोटात आठ बारीक तारा असतात, दोन-दोन एकमेकींना पिळलेल्या. त्या ठरलेल्या रंगांच्या क्रमानं टोकाच्या क्लिपमध्ये बसवायच्या आणि चिमट्यानं दाबायच्या. मग टेस्टर लावायचा. एक ते आठ दिवे ओळीनं लागले तर चहा प्यायचा, एखादा चुकला तर टोक कापून पुन्हा पहिल्यापासून. बायको सांगते की मी झोपेतसुद्धा "नारंगीपांढरा, नारंगी, हिरवापांढरा" असं बडबडतो. तिनं संशय घेतला नाही, कारण कुठल्याच बाईचं नाव असं नसतं.

मी मूळचा लाईटफिटिंगवाला. आधी जालन्यात दुकानांची, मग दवाखान्यांची आणि ऑफिसांची कामं केली. घरं अलीकडची. लोक घरी बसून नोकरी करायला लागले, पोरं घरात परीक्षा द्यायला लागली, तेव्हा कुठे लोकांना कळलं की व्हिडिओ अडकणं वेगळं आणि पोट अडकणं वेगळं.

घरातलं काम म्हणजे माणसांशी गाठ. जालन्यातच मस्तगडला एका कापडदुकानदार शेटजींचा फोन आला, "भाऊ, आख्ख्या घरात नेट न्हाई. कंपनीवाले लुटून राह्यले." मी गेलो. राउटर कुठं आहे म्हणून विचारलं. शेटजींनी कमरेची किल्ली काढली, लोखंडी कपाट उघडलं, आणि आत, भारीतल्या साड्यांच्या गठ्ठ्यावर, डबा चांगला लुकलुकत बसलेला. वायर आत यावी म्हणून कपाटाला मागून भोकसुद्धा पाडून घेतलेलं.

"पोरं दिवसभर मोबाइलमदी डोकं घालून राहतेत. म्हणून कुलपात ठेवला," शेटजी म्हणाले.

"शेटजी, पण लोखंडाच्या कपाटातून नेट बाहेर कसं निघणार?"

शेटजींनी क्षणभर विचार केला. "बराबर. मंग पोरायला नको, पण मला पाह्यजे, असं करता येतंय का?"

येतं ना. मी त्या डब्याची हवेवरची बाजू बंद केली, त्याच भोकातून एक वायर बाहेर काढली आणि थेट शेटजींच्या टेबलावर नेऊन सोडली. आजही तो डबा कपाटातच आहे. शेटजी भेटले की म्हणतात, "तुमचं काम एकदम पक्कं." शहागडच्या ढाब्यावाल्याचं मात्र तसं नव्हतं. त्याच्या वरच्या खोल्यांत मी टाकलेली वायर उंदरांनी तीनदा कुरतडली, आणि दर वेळी त्यानं मलाच झापलं, "तुमचीच वायर खातेत. बाकी कशाला तोंड लावत न्हाई. काय लावून आणता काय तिला?"

असे किस्से मी चारचौघांत रंगवून सांगतो. पिंपळगाव रेणुकाईचं घर मात्र आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. त्याची आठवण झाली की आधी माझे कान गरम होतात.

गावाच्या कडेला, विहिरीला लागून भगवान तात्यांचं घर. घरात तात्या, कौसाकाकू, मुलगा आणि नवी सून अश्विनी. मुलाचं भोकरदनला बियाण्यांचं दुकान, तो सकाळी जायचा आणि दिवे लागल्यावर यायचा. अश्विनी लग्नाआधी पुण्यात एका विमा कंपनीच्या कामावर होती. लोकांचे दवाखान्याचे कागद तपासायचे आणि फोनवर त्यांना समजावून सांगायचं. लग्न ठरताना तिनं एकच अट घातली होती, की नोकरी सोडणार नाही. तात्या सगळ्यांसमोर म्हणाले होते, "सोडू नको. इथून कर." कंपनीनं सांगितलं, महिनाभर घरून करून बघा. लाईन सतत तुटली तर पुण्याला परत या, नाहीतर राजीनामा द्या. म्हणून तात्यांनी तिच्यासाठी गच्चीवर एक खोली बांधली. खिडकीला जाळी, वर पंखा, टेबल, आणि भिंतीला तिच्या पसंतीचा रंग.

मी पोचलो तो वास्तुशांतीच्या दुसऱ्या दिवशी. दाराला तोरण ताजं होतं. राउटर खाली ओसरीवर, खोली वर मागच्या बाजूला. मी माप घेतलं, ड्रिल काढलं, आणि कौसाकाकू आडव्या आल्या.

"भाऊ, भोक पाडायचं न्हाई. आमच्याकडं वास्तूशांत झाल्यावर सव्वा महिना भिंतीला हत्यार लावत नसतेत."

"काकू, एकच छोटं भोक आहे."

"छोटं असो का मोठं. सव्वा महिन्यानं या मंग."

सव्वा महिना भरायच्या आतच अश्विनीचा महिना संपणार होता. मी इकडे-तिकडे बघितलं. ओसरीवर मोटारीचा स्टार्टर होता, आणि तिथून एक जाड पाईप भिंतीतून गच्चीवर, खोलीच्या उंबऱ्याजवळून, मागे विहिरीकडे उतरत होता. त्यात मोटारीची वायर. पाईप ऐसपैस, आत जागा भरपूर.

इथे धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. लाईटची वायर आणि आपली वायर एका पाईपात कधी घालायची नाही. जाड वायरीतून मोठा करंट धावला की शेजारच्या बारीक वायरीतलं बोलणं बिघडतं. लग्नाच्या बँडशेजारी उभं राहून कुणाच्या कानात हिशोब सांगायचा, तसं. हे मी आजवर किती जणांना शिकवलं असेल! शिकवताना आवाजही चढवतो. आणि तरी त्या दिवशी मी मनात म्हटलं, एवढ्यानं काय होतंय. वायर पाईपात ढकलली, वर काढली, टोकं केली, टेस्टर लावला. आठच्या आठ दिवे. अश्विनीनं लॅपटॉप जोडला, पुण्याच्या मैत्रिणीशी बोलून बघितलं. स्वच्छ.

"आता काही होणार नाही," मी तात्यांना सांगितलं. काकूंनी पुरणपोळी वाढली. भिंतीला ओरखडा न काढता काम केलं म्हणून तूप जरा जास्तच पडलं.

मी विसरलो ते एवढंच. आमच्याकडे घरातली लाईट वेगळी आणि शेतीच्या मोटारीची थ्री फेज वेगळी. थ्री फेज पाळीनं येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. मी गेलो तेव्हा रात्रीची पाळी होती. मोटर झोपलेली होती आणि मी तिच्या उशाशी बसून टेस्टर लावत होतो.

चार दिवसांनी अश्विनीचा फोन. "भाऊ, नेट सारखं तुटतंय. दोन मिनिटं चालतं, जातं, परत येतं."

मी सांगितलं, डबा बंद करून चालू करा. केला. नेटच्या कंपनीला फोन करा. केला. त्यांचा माणूस येऊन गेला, म्हणाला आमच्याकडून सगळं नीट आहे. मी म्हटलं, मग तुमचा लॅपटॉप. शेवटी मी स्वतः गेलो, तोवर पाळी पुन्हा रात्रीवर गेली होती. दीड तास बसलो. नेट एकदाही हललं नाही. मी अश्विनीला वर एक व्याख्यान दिलं, की लॅपटॉपवर एका वेळी दहा खिडक्या उघडून ठेवू नयेत. आज लिहितानाही त्या व्याख्यानाची लाज वाटते.

त्यानंतर फोन आला नाही. आठ दिवस गेले, पंधरा गेले. फोन नाही म्हणजे काम चोख, हे आमच्या धंद्यातलं सर्टिफिकेट. जालन्याला चहाच्या टपरीवर मी दोघातिघांना सांगितलंसुद्धा, की भिंतीला हात न लावता वर लाईन नेली, डोकं लागतं त्याला.

मग पिंपळगावलाच एका मिरचीच्या व्यापाऱ्याच्या गाळ्यावर कॅमेऱ्यांचं काम निघालं. सकाळी जाताना म्हटलं, तात्यांकडे चहा घेऊ, चार शब्द कौतुकाचे ऐकू. खोटं कशाला बोलू, कौतुकासाठीच गेलो होतो.

वैशाखाचं ऊन. तात्या ओसरीवर स्टार्टरखाली, खांद्यावर रुमाल टाकून, नुसते बसलेले. समोर रानात मिरचीची रोपं नुकती लावलेली. वीतभरसुद्धा नाहीत, आणि सगळ्यांनी माना टाकलेल्या. ठिबकच्या नळ्या कोरड्या.

"लाईट न्हाई का तात्या?"

"हाय की. सकाळपासून थ्री फेज हाय."

"मग मोटर?"

तात्यांनी वर गच्चीकडे बोट केलं आणि आवाज खाली घेतला. "अश्विनीचं काम चालू हाय ना."

मला काही कळेना. काकू चहा घेऊन बाहेर आल्या आणि त्यांनी समजावलं. "मी वर चहा घेऊन गेल्ते. ही कपाळाला हात लावून बसलेली. खाली आले तर यांनी नुकतीच मोटर लावलेली. दुसऱ्या दिशी पुन्हा तसंच. मंग मी यांना म्हणलं, बंद करून बघा बरं. बंद केली का वर हिचं बोलणं सुरू. चालू केली का बंद. मंग कळालं. मोटर चालू असली का मिक्सर फिरत न्हाई, टीव्ही लुकलुकतो, तसंच हाय हे. दोघायला संगच लाईट पुरत न्हाई."

"मला फोन का नाही केला?"

"तुमाला कशाला तरास?" तात्या म्हणाले. "तुमच्या कामात काय खोट न्हाई, भाऊ. लाईटच कमी हाय आपल्याकडं."

पंधरा दिवस तो माणूस दिवसाची पाळी असताना मोटर बंद ठेवून बसत होता. अश्विनीला दुपारी जेवायला सुट्टी मिळे, तेवढ्यात घाईघाईनं मोटर लावायची. तिची सुट्टी संपली की बंद. रात्रीच्या पाळीला अंधारात, बॅटरी घेऊन रानात फिरायचं. आणि एवढं करून मिरचीची तहान भागत नव्हती. एका घरानं माझी चूक सरकारच्या खात्यावर टाकली होती आणि आपलं रान वाळवत ठेवलं होतं, आणि मी टपरीवर छाती काढून हिंडत होतो. मला त्या वेळी जेवढं वाईट वाटलं तेवढं आयुष्यात फार कमी वेळा वाटलंय.

"तात्या, लाईट पुरते. चूक माझी आहे," मी सांगितलं. मोटारीच्या वायरीशेजारी माझी वायर घातली, तिथेच सगळं बिघडलंय, हे जेवढं सोपं करून सांगता आलं तेवढं सांगितलं. दुसऱ्या बाजूनं नवी वायर न्यावी लागेल. पण भिंतीतून भोक पाडावं लागेल, आणि सव्वा महिना भरायला अजून आठवडा होता.

तात्यांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी रानाकडे बघितलं, मग वर गच्चीकडे.

"पाडा भोक," काकू म्हणाल्या. "घरातली माणसं बराबर राह्यली मंजी वास्तू शांतच हाय."

पण तात्या म्हणाले, "आज न्हाई. आज तिच्या महिन्याचा शेवटचा दिस हाय. पुण्याचा साहेब सकाळपासून तिचे फोन ऐकून राह्यला. आज फैसला हाय तिचा. लाईन तुटली तर गेलं सगळं."

मी म्हटलं, जुनी वायर चालूच राहू देतो. नवी पूर्ण टाकून ठेवतो. अश्विनीची चहाची दहा मिनिटं येईल तेव्हा फक्त टोक बदलायचं. तात्या नाराजीनं तयार झाले. व्यापाऱ्याच्या गाळ्यावर माझी वाट बघत बसले असतील, बसू देत म्हटलं. ड्रिलच्या आवाजानं तिच्या बोलण्यात अडथळा नको म्हणून मी भोक हातानं, छिन्नी-हातोडीनं पाडलं. प्रत्येक ठोक्याला हातोडीखाली काकूंनी दिलेलं फडकं. लाईटच्या वायरीपासून चांगलं हातभर लांब, वेगळ्या पाईपातून लाईन वर नेली. बऱ्याच दिवसांनी मी नवशिक्यासारखं काम केलं, म्हणजे सगळे नियम पाळून.

अकराच्या सुमाराला अश्विनीनं दारातून मान बाहेर काढली. "भाऊ, दहा मिनिटं आहेत." मी टोक बदललं. तिनं बघितलं, चालतंय म्हणाली, पाणी प्यायली, कानाला यंत्र लावलं आणि पुन्हा बसली.

मी खाली आलो. "तात्या, लावा मोटर."

"न्हाई."

"आता काही होणार नाही." हे बोललो आणि लगेच जीभ चावली. महिन्यापूर्वी याच ओसरीवर, याच माणसाला, मी हेच शब्द सांगितले होते. तात्यांनाही ते आठवलं असावं. ते स्टार्टरकडे पाठ करून, वाट अडवून उभे राहिले. वरती कुणाची तरी नोकरी होती आणि इथे माझा शब्द. माझ्या शब्दाची किंमत त्या घरात त्या घटकेला काय होती, हे मलाच माहीत होतं.

काकूंनी तात्यांना हातानं बाजूला सारलं. "सरका. मिरची मरून राह्यली," म्हणाल्या, आणि हिरवं बटण दाबलं.

स्टार्टर खट्‌ वाजला. पाण्यातली मोटर, तिचा काही आवाज येत नाही. फक्त ओसरीवर स्टार्टर गुणगुणत राहिला. आम्ही तिघं जिन्याकडे कान लावून उभे. वरून अश्विनीचा आवाज येत होता, "काका, डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स पण लागेल." थोडा वेळ शांतता. मग पुन्हा, "हो, हो, सावकाश शोधा, मी लाईनवर आहे."

तात्या खाली बसले. नंतर उठले आणि रानात गेले, ठिबकच्या नळ्या बघायला. त्यांच्या चालण्यावरून मला कळलं की पाणी पोचलं आहे.

अश्विनीची नोकरी टिकली, हे इथेच सांगून टाकतो. आजही ती त्याच खोलीत बसते. आणि मी आता कुठल्याही गावात कामाला गेलो की राउटर कुठं आहे हे नंतर विचारतो, आधी विचारतो मोटर कधी चालते. लोकांना वाटतं, माणूस शेतकरी आहे.

पण मला सांगायचं होतं ते त्या दुपारचं. दीड वाजता जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. अश्विनी उतरली ती कानातलं यंत्र गळ्यात तसंच ठेवून, पदर सावरत. तिनं ताटाकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं नाही. थेट तात्यांकडे.

"मामा, लवकर मोटर लावा! मला अर्धाच घंटा हाय!"

तात्या ताटातली भाकरी मोडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

काकू म्हणाल्या, "बस, जेव पोटभर. दोन घंट्यापासून चालूच हाय."